आखूड, जाड आणि एका हातात मावणारे

मंडळी, ही फजिती सांगावी की झाकून ठेवावी, या विचारात मी आजवर पुष्कळ चहा थंड केला आहे. परंतु आमच्या गावात ती सर्वांना ठाऊक आहे, संतपूरच्या बाजारात निम्म्यांना ठाऊक आहे, आणि जो तो तिच्यात आपल्या पदरचे काही घालून सांगतो. परवा एकाने तर मी तोफ मागवली होती असे सांगितले. तोफ! तेव्हा मूळ हकीकत माझ्याच तोंडून ऐकलेली बरी. चहा सांगा. साखर कमी.

प्रथम माझ्याविषयी दोन शब्द. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढचे सारे शिक्षण बसमध्ये. मी कंडक्टर होतो. शेवटच्या थांब्यावर गाडी उभी राहिली की ड्रायव्हर विडी ओढत असे आणि मी पुस्तक उघडत असे. इतिहास, आरोग्य, कायदा, मधमाश्या, जे हाती येईल ते मी वाचले. त्यामुळे कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी त्यावर वाचन करावे, अशी मला सवय लागली. या सवयीनेच माझा घात केला.

निवृत्तीनंतर मी गावी येऊन चार एकर तूर पाहू लागलो. माझ्या बांधाला लागून गंगाक्काची तीन एकर ज्वारी. गंगाक्का विधवा बाई, वयाने साठीची, आवाजाने पंचविशीची. तिचे सारे वर्ष त्या तीन एकरांवर चालते.

कार्तिकातली सकाळ होती. मी हातात तांब्या घेऊन ओढ्याकडे निघालो होतो. कशासाठी, ते विचारू नका. तांब्या म्हटले की समजून घ्यावे. वळणावर पोहोचतो तो समोर रानडुक्कर! वासराएवढे! बरे, वासराएवढे नसेल. पण त्या क्षणी कोणाजवळ मोजपट्टी होती? ते थबकले. मी थबकलो. त्याने मान खाली घातली आणि सुळे दाखवले.

पुढचे मला नीट आठवत नाही. भान आले तेव्हा मी बाभळीवर होतो. एकाहत्तराव्या वर्षी! बाभळीवर! काटे कोठे कोठे रुतले, ते सभ्य माणसाने सांगू नये. खाली डुक्कर माझ्या तांब्याचा वास घेत होते.

तेवढ्यात गंगाक्का रिकामा पत्र्याचा डबा बडवत, ओरडत आली. डुक्कर पळाले. तिने वर पाहिले.

"अप्पा, वर काय करायलाव?"

"निरीक्षण," मी म्हणालो.

"बरं. हुयलं का निरीक्षण? मंग उतरा."

घरी आमच्या सौभाग्यवती, कलावतीबाई, चिमट्याने काटे काढू लागल्या.

"अहो, ह्या वयात झाडावर कामून चढलाव?"

"तो प्रसंग विचार करण्याचा नव्हता."

"काठी न्यायची की संगं."

"काठीने रानडुक्कर मरत नाही, कलावती."

"मंग तांब्यानं मरतंय व्हय?"

तो शब्द माझ्या वर्मी लागला. आत्मसंरक्षणासाठी शस्त्र घ्यायचे, तेही परवान्याने आणि रीतसर, असा निश्चय मी त्या दिवशी पालथे पडल्या पडल्या केला.

आणि वाचन सुरू झाले. तालुक्याचे वाचनालय पालथे घातले. मुलाने टाकून दिलेला मोबाइल होता, त्यावर परदेशातील अरण्यांतून एकट्याने भटकणाऱ्या लोकांचे अनुभव वाचले. त्यांच्याकडे अस्वले असतात. अस्वलासमोर कमरेला काय असावे, यावर ते लोक आपापसांत इतके भांडतात, इतके भांडतात, की अस्वलाला बिचाऱ्याला मध्ये बोलायला जागाच उरत नाही! एक म्हणतो, गोळी जाड हवी. दुसरा म्हणतो, जाड गोळीच्या धक्क्याने मनगट मुरगळते. मी दोघांचेही म्हणणे वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतले.

महिनाभराने माझा निर्णय झाला. लांब बंदूक नको. तिला दोन्ही हात लागतात. मग तांब्या कोणी धरायचा? बारीक गोळी नको. तिने डुक्कर मरत नाही, चिडते. तेव्हा रिव्हॉल्व्हर, नळी आखूड, गोळी जाड, एका हातात मावणारे, पाच गोळ्यांचे, भरल्यावर वजन सुमारे एक किलो. इतकी नेमकी निवड आमच्या तालुक्यात आजवर कोणी केली नसेल!

आता शहाणा माणूस यानंतर काय करील? परवान्याचा अर्ज करील. मी काय केले? मी आधी म्यान शिवायला टाकले.

हसू नका. मी वाचले होते की हत्याराची अर्धी किंमत म्यानात असते. चांगले म्यान शिवून घ्यायला वेळ लागतो, आणि परवान्यालाही वेळ लागतो. दोन्ही कामे बरोबरीने व्हावीत, असा माझा हिशेब.

"बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी," कलावतीबाई म्हणाल्या. "आन् आपली तर तूर बी डुकरानं खाल्लेली."

संतपुरात इस्माईलभाई मोटारसायकलींच्या सीटा शिवतात. एका लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यातून रिव्हॉल्व्हरचा आकार अचूक मापाने कापून मी त्यांच्यासमोर ठेवला, आणि शेजारी माझा कंडक्टरकीचा जुना चामडी पट्टा.

"चचा, ये तो पिस्तुल दिकता!"

"रिव्हॉल्व्हर. पिस्तूल वेगळे."

"हत्यार कां है? दिखाव तो माप लेता."

"यथावकाश येईल. आपण या मापाने शिवा."

इस्माईलभाईंनी पुठ्ठा उजेडात धरला, खाली ठेवला आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "चचा, बेफिकर रव्हो. मैं किसकूच नै बोलता!"

हे ते इतक्या मोठ्याने म्हणाले की समोरच्या हॉटेलात भजी खाणाऱ्या चौघांनी माना वळवल्या.

म्यान सुरेख झाले. आता प्रश्न असा, की एक किलो वजन कमरेला बांधून मला दिवसभर वावरता येईल काय? परदेशी जाणकार सांगतात, आधी सराव करावा. आमच्या घरी लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून ठेवलेले किलोचे लोखंडी माप होते, कलावतीबाईंच्या वडिलांच्या किराणा दुकानातले. ते मी म्यानात घातले. चपखल बसले! वरून जाकीट घातले आणि गावातून एक फेरी मारली.

पहिल्या दिवशी पायजमा दोनदा घसरला. दुसऱ्या दिवशी नाडीला जोडनाडी लावली. तिसऱ्या दिवसापासून चाल सुधारली. उजवा खांदा किंचित खाली, पाऊल जड. आरशात पाहिले, रुबाब होता.

आणि मंडळी, गाव बदलले!

बसमध्ये शिरलो की तरुण मुले उठून खिडकीची जागा देऊ लागली. मारुतीच्या पारावर भीमराव पाटील माझे प्रत्येक वाक्य मध्येच तोडत असे. बारा वर्षांची त्याची सवय. तो माझ्या जाकिटाकडे पाहून म्हणाला, "बोला अप्पा, तुमचं हू द्या आधी." बारा वर्षांनी! मी त्या दिवशी पाऊण तास बोललो. कोणी हूं की चूं केले नाही.

"अप्पा, आलं का ते?" लोक हळूच विचारीत.

"योग्य वेळी कळेल," मी म्हणे.

खोटे मी एकदाही बोललो नाही, हे लक्षात घ्या. माझ्या कमरेला काय आहे, असे मला कोणी स्पष्ट विचारलेच नाही. विचारले असते तर मी सांगितले असते. निदान त्या वेळी मी माझ्या मनाची अशी समजूत घातली होती.

एका संध्याकाळी गंगाक्का बांधावर भेटली. हातात परातभर हरभऱ्याची भाजी खुडलेली. त्यातली निम्मी तिने माझ्या पिशवीत कोंबली.

"अप्पा, लई उपकार झाले बगा. भाऊ माजा औरादहून रोज राखणीला येयलाता, त्याला काल सांगून टाकलं, आता येऊ नगंस."

"का बरे?"

"कामून म्हंजी? तुमी हाव की! तुमच्याकडं ते हाय की!" तिने माझ्या जाकिटाकडे बोट केले. "भावाचं बी घरचं काम पडून ऱ्हायलंतं. डबा बी ठिवला माळ्यावर टाकून. दोन म्हैन्यानं आज पाठ टेकनार मी."

तीन एकर ज्वारी, दाणा भरायला आलेली, आणि तिची राखण कोणाच्या भरवशावर? लोणच्याच्या दडपणाच्या!

"गंगाक्का," मी सुरुवात केली, "या वस्तूविषयी आपला जो समज झालेला आहे, त्यासंबंधी काही खुलासा करणे मला आवश्यक वाटते, कारण वस्तुस्थिती पाहता..."

"सावकाश सांगा हो नंतर. चूल पेटवायचीय." आणि ती गेली.

तीन शब्दांत सांगता आले असते: 'हे माप आहे.' तीन शब्द! जन्मभर वाचन केलेल्या माणसाला ते सापडले नाहीत. खरे सांगायचे तर सापडले होते. पारावरचा तो पाऊण तास आठवला आणि मी ते गिळले.

परवाना लवकर मिळवावा, म्हणजे खोट्याचे खरे होईल, असा विचार करून दुसऱ्याच दिवशी मी वही घेऊन बीदरला गेलो. कचेरीतील कारकून सज्जन होते. त्यांनी माझी वही अथपासून इतिपर्यंत वाचली, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"अप्पाजी, अक्षर भारी हाय तुमचं."

"आभारी आहे."

"पन हे जाड गोळीचं हत्यार तुम्हाला आम्हाला भेटत न्हाई. बंदी हाय त्याला. फौजेला असतंय ते."

मी हादरलो. महिनाभर वाचन! अख्खी वही! आणि ही एक ओळ माझ्या वाचनात आली नव्हती!

"मग त्याहून बारीक..."

"त्याला बी कारण लागतंय. जिवाला धोका पायजे. तुम्हाला वैरी हाय का कोन?"

"आहे. रानडुक्कर."

"मानूस, अप्पाजी, मानूस."

मी प्रामाणिकपणे विचार केला. भीमरावाचे नाव ओठांवर आले होते, पण तो तर आता ऐकून घेऊ लागला होता. "नाही," मी म्हणालो.

"मंग चांगलंच हाय की!" त्यांनी वही मिटून माझ्या हाती दिली. "डुकरासाठी रानखात्याकडं जावा, त्यांची वाट येगळी हाय. न्हाईतर डबा बडवा. आमच्या रानात आमी डबाच बडवतो."

परतीच्या बसमध्ये एका मुलाने उठून मला खिडकी दिली. मी बसलो, पण सांगतो, ती जागा मला बोचत होती.

तीन दिवसांवर येळवस आली होती. आमच्या भागाबाहेरच्या मंडळींसाठी सांगतो: मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडे सारे गाव रानात जेवते. कडब्याची खोप करायची, तिच्यात पांडवांचे दगड चुन्याने रंगवून मांडायचे, पूजा करायची आणि मग भज्जी, ज्वारीच्या पिठाचे उकडलेले उंडे, खीर, आंबील. ही भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. साऱ्या हिरव्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची एकत्र शिजवलेली दाट भाजी. त्या दिवशी रानात येईल त्याला जेवू घालायचे. या म्हणायचे, नको म्हणायचे नाही. आणि पाहुण्याने हात धुईपर्यंत त्याच्या येण्याचे कारण आपण विचारायचे नाही, त्यानेही काढायचे नाही.

दरवर्षी आमच्या खोपीवर वीस माणसे येतात. या वर्षी साठ आली! भीमराव आला, इस्माईलभाई आले, ज्यांना मी ओळखत नाही असेही आले. जेवताना सर्वांची नजर पानावर कमी, माझ्या जाकिटावर जास्त. कलावतीबाई मला वाढता वाढता कानाशी म्हणाल्या, "भज्जी पुरना झाली. आन् माजं माप कुठं हाय? लोनचं वर येयलंय."

मी "नंतर" म्हणालो. कारण तेवढ्यात बांधावरून एक धिप्पाड गृहस्थ येताना दिसले. साधा सदरा, पण पायांत पोलिसी बूट. ठाण्याचे हवालदार मल्लप्पा!

मी घाईने जाकीट खाली ओढले.

"नमस्कार अप्पा. म्हटलं येळवस हाय, अप्पांच्या रानात जावं." ते मांडी घालून बसले. त्यांना आंबील दिली, भज्जी दिली, उंडे दिले. ते शांतपणे जेवत होते आणि मध्येच माझ्या कमरेकडे बघत होते. मी मुद्दाम त्यांना वाढत होतो. हात धुईपर्यंत ते काही विचारणार नव्हते!

"अजून एक उंडा घ्या, हवालदार."

"बस झालं अप्पा."

"खीर?"

"झाली."

"ताक?"

"अप्पा," त्यांनी हात धुतला, पुसला आणि मांडी बदलली. "ठाण्यात काय काय कानावर आलं. लायसन हाय का तुमच्याकडं?"

साठ माना माझ्याकडे वळल्या. साठ!

मी तोंड उघडले आणि, मंडळी, सांगतो, त्या वेळी मी ते तीन शब्द बोलणारच होतो. पण तेवढ्यात ज्वारीतून किंकाळी आली. रानाभोवती आंबील शिंपडत फिरणारी पोरे घोष करीत गंगाक्काच्या बांधापर्यंत गेली होती. त्या गलक्याने ज्वारीची ताटे सळसळली, आडवी झाली, आणि आतून बाहेर पडले काय? एक डुक्कर नव्हे! दोन मोठी आणि मागे पिलांची रांग! राखण नाही, डबा नाही, म्हणून त्या कुटुंबाने गंगाक्काच्या ज्वारीत बिऱ्हाडच थाटले होते!

पोरे चौफेर पांगली. सर्वांत मोठे डुक्कर सरळ आमच्या पंगतीकडे निघाले.

"अप्पा! काढा की!" गंगाक्का ओरडली. "माजी ज्वारी गेली हो! काढा!"

"चचा! चलाव!"

"मार अप्पा, मार!" हा भीमराव. तो माझ्या पाठीमागे लपला होता.

मी उठलो. जाकीट बाजूला सारले. रोज केलेला सराव हाताला आठवत होता. म्यानाचे बटण एका बोटाने सुटले, मूठ आवळली, हात पुढे आला. काय सफाई होती! वाचलेले अक्षर न् अक्षर खरे ठरले. फक्त हातात रिव्हॉल्व्हर नव्हते.

सूर्यप्रकाशात एक किलोचे माप चमकले. साठ जणांनी ते पाहिले. मला वाटते, डुकरानेही पाहिले असावे, कारण क्षणभर तेही थबकले.

आता काढले आहे तर काही करणे भाग होते! मी ते भिरकावले. नेम? नेमाविषयी मी वाचले होते, फेकण्याविषयी नव्हे. माप डुकराच्या डोक्यावरून नव्हे, बाजूनेही नव्हे, तर माझ्याच डाव्या हाताला असलेल्या आंबिलीच्या मडक्यावर गेले. फाट्‌! मडके फुटले आणि दोन घागरी आंबील हवालदार मल्लप्पांच्या सदऱ्यावर!

इकडे कलावतीबाईंनी पितळी परात उचलली होती आणि उलथण्याने बडवायला सुरुवात केली होती. गंगाक्काने घागर घेतली, बायकांनी ताटे घेतली. असा कल्लोळ झाला की डुक्कर जागच्या जागी वळले आणि सारे कुटुंब घेऊन ओढ्यापार झाले. बायकांनी डुक्कर हाकलले. पुरुष माझ्याकडे पाहत होते.

हवालदारांनी मिशांवरची आंबील पुसली. खाली वाकून माप उचलले. उलटून, पालटून, डोळ्यांजवळ नेऊन पाहिले.

"अप्पा, हे हत्यार?"

"हे माप आहे," मी म्हणालो. तीन शब्द. आले एकदाचे.

"दिसायलंय. पन अप्पा," त्यांनी माप माझ्यासमोर धरले, "ह्याच्यावर सरकारी शिक्का मारून घ्यावा लागतंय, म्हाईत हाय न्हवं? हा शिक्का तर माज्या जल्माच्या आधीचा दिसायलाय. म्हंजी बिगर परवान्याचं हत्यार ते ह्येच की हो!"

साठ माणसे हसली. कलावतीबाई सर्वांत मोठ्याने हसल्या. इस्माईलभाई तर खोपीला धरून खाली बसले. एकटी गंगाक्का हसली नाही. ती ज्वारीत जाऊन परत आली. कोपऱ्यातली दहा-बारा ओळी ताटे झोपली होती, कणसे चघळलेली. ती माझ्यासमोर उभी राहिली.

"अप्पा, तुमाला म्हाईत हुतं?"

"होते."

"त्या दिशी बांधावर बी?"

"त्या दिवशीही."

तो माझ्या आयुष्यातला सर्वांत लहान संवाद. वाटले होते ती शिव्या देईल. तिने दिल्या असत्या तर बरे झाले असते. तिने हवालदारांच्या हातातून माप घेतले आणि माझ्या हातावर ठेवले.

"उद्यापून राखनीला तुमी यायचं. सकाळ-संध्याकाळ. डबा मी दीन. बडवाया हे आना."

तेव्हापासून ज्वारी निघेपर्यंत मी रोज गंगाक्काच्या बांधावर बसलो. डावीकडे पत्र्याचा डबा, उजव्या हातात किलोचे माप. एक ठोका दिला की ओढ्यापर्यंत आवाज जातो आणि पाखरूसुद्धा थांबत नाही. त्या दिवसानंतर ज्वारीचे एक ताटही आडवे झाले नाही. गंगाक्काने खळे झाल्यावर पहिल्या पिठाच्या चार भाकरी घरी पाठवल्या, वर चिठ्ठी नाही, निरोप नाही. पण भाकरी गरम होत्या.

बसमध्ये आता मला कोणी जागा देत नाही. भीमराव पुन्हा माझे वाक्य मध्येच तोडतो, "अप्पा, आज किती किलोचं बोलायलाव?" म्यानात कलावतीबाई उलथणे ठेवतात. लोणचे दडपणाविना उतू गेले, ते वेगळेच.

परंतु मंडळी, माझी जुनी वही परवा सहज चाळली. आखूड, जाड, एका हातात मावणारे, वजन एक किलो, डुक्कर हमखास पळणारे. निवड तंतोतंत बरोबर होती! ती वस्तू लोणच्याच्या बरणीवर चाळीस वर्षे बसून होती, आणि ती शोधायला मी बीदरला गेलो.